पोटातला जंतू : तपासणीपासून तो गेल्याची खात्री होईपर्यंत

जठराच्या कॅन्सरची बहुतेक प्रकरणं एका जंतूपासून सुरू होतात, आणि तो जंतू गोळ्यांनी मरतो. कॅन्सरबद्दल असं वाक्य फार कमी वेळा लिहिता येतं, म्हणून ते आधीच लिहून टाकते. मी एंडोस्कोपी विभागात परिचारिका आहे. दुर्बिणीच्या तपासणीत डॉक्टरांना मदत करते आणि नंतर गोळ्यांचा कोर्स रुग्णाला समजावून सांगते. लोक तपासणीला येतात, कोर्सही घेतात. पण जंतू खरंच गेला का, हे बघायला फार जण परत येत नाहीत. "सिस्टर, आता काहीच त्रास नाही, मग परत कशाला?" हे वाक्य ऐकलं की माझा जीव खालीवर होतो. त्रास थांबणं आणि जंतू जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कॅन्सरशी संबंध आहे तो दुसरीचा.

जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. बोलताना सगळे एच. पायलोरी म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली तो प्रयोगशाळेत वाढवला. जठराच्या आम्लात जंतू टिकूच शकत नाहीत, अशी तेव्हाची ठाम समजूत होती. शेवटी १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतू मिसळलेलं द्रावण स्वतः प्यायलं. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीत जठराला सूज दिसली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. त्याच्या कितीतरी आधी, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने या जंतूला पहिल्या गटातला कॅन्सरकारक ठरवलं होतं. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे.

तो आम्लात टिकतो कसा, हे कळलं की चाचण्या आपोआप समजतात. त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. जठरातल्या युरियाचे तुकडे करून तो अमोनिया बनवतो आणि आपल्याभोवतीचं आम्ल मारतो. दुर्बिणीच्या वेळी माझ्या हातात एक छोटी पट्टी असते, तिच्या खळग्यात पिवळं जेल असतं. डॉक्टर अस्तराचा तिळाएवढा तुकडा काढून देतात, मी तो सुईच्या टोकाने जेलमध्ये दाबते, झाकण चिकटवते आणि वर वेळ लिहिते. जंतू भरपूर असतील तर काही मिनिटांतच तुकड्याभोवती गुलाबी कडा उमटते आणि रंग बाहेर पसरत जातो. कमी असतील तर तास-दोन तास, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. तो गुलाबी रंग म्हणजे अमोनियाची खूण.

घाबरायचं किती

जगातल्या साधारण निम्म्या माणसांच्या पोटात हा जंतू आहे किंवा कधीतरी होता. त्यातल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही. होतो तो शंभरातल्या एक ते तिघांना. पण उलट बाजूने बघा. जठराच्या वरच्या तोंडाजवळचा भाग सोडला, तर बाकी जठरात होणाऱ्या दहा कॅन्सरपैकी जवळपास नऊंच्या मुळाशी हा जंतू असतो. जपानमध्ये १,५२६ रुग्णांवर सरासरी ७.८ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २००१ साली ते निष्कर्ष छापून आले. त्या काळात ३६ जणांना जठराचा कॅन्सर झाला, आणि छत्तीसच्या छत्तीस जणांना एच. पायलोरीचा संसर्ग होता. संसर्ग नसलेल्या २८० जणांत एकालाही कॅन्सर झाला नाही.

हा प्रवास दशकांचा असतो. आधी अस्तराला सतत सूज, मग आम्ल बनवणाऱ्या ग्रंथी झिजत जातात, मग त्यांच्या जागी आतड्यासारख्या पेशी येतात, पुढे पेशींचा आकार बिघडतो, आणि काही जणांत शेवटी कॅन्सर. जंतू जितक्या लवकर जाईल तितकी ही साखळी अलीकडे तुटते. सूज भरून येते. ग्रंथींची झीज काही प्रमाणात सुधारते. आतड्यासारख्या पेशी मात्र एकदा आल्या की सहसा परत जात नाहीत. तरी उशीर झालाय म्हणून सोडून देऊ नका. कोरियात, सुरुवातीचा कॅन्सर दुर्बिणीतून काढून टाकलेल्या रुग्णांना दोन गटांत विभागलं. जंतूवर औषध मिळालेल्या गटात नवा कॅन्सर ७.२ टक्के जणांना झाला, नुसत्या दिखाऊ गोळ्या मिळालेल्या गटात १३.४ टक्के जणांना. म्हणजे इतक्या पुढच्या टप्प्यावरही धोका निम्म्यावर आला.

तपासणी कोणी, कोणती

आधी एक गोष्ट वेगळी काढते. वजन आपोआप उतरतंय, घास अडकतोय, उलटीतून रक्त येतंय, शौच डांबरासारखं काळं आणि चिकट होतंय, कारण न कळता हिमोग्लोबिन घसरलंय, उलट्या थांबत नाहीत, किंवा पोटात गाठ लागतेय, यातलं काहीही असेल तर श्वासाची किंवा शौचाची चाचणी करत बसू नका. थेट पोटाच्या डॉक्टरांकडे जा आणि दुर्बीण करून घ्या. वय वाढलेलं असताना पहिल्यांदाच पित्ताचा त्रास सुरू झाला असेल, तरी दुर्बिणीबद्दल विचारा.

हे काही नसेल, तर तपासणी कोणी करायची? ज्याच्या आईवडिलांना, भावंडाला किंवा मुलाला जठराचा कॅन्सर झालाय त्याने, त्रास असो वा नसो. ज्याला जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण झालाय किंवा पूर्वी झाला होता त्याने. ज्याचं पित्त महिनोन् महिने हटत नाही त्याने. लोह घेऊनही रक्त वाढत नसेल आणि दुसरं कारण सापडत नसेल त्याने. ज्याला ॲस्पिरिन किंवा दुखण्यावरच्या गोळ्या दीर्घकाळ घ्यायच्या आहेत त्याने. जिथे जठराचा कॅन्सर मुळातच जास्त आढळतो अशा भागात वाढलेल्यांनीही.

दुर्बीण लागत नसेल तर दोन चाचण्या भरवशाच्या आहेत. एक श्वासाची. चार-सहा तास उपाशी पोटी जायचं, एका पिशवीत फुंकायचं, मग युरियाचं द्रावण किंवा कॅप्सूल घ्यायची, आणि साधारण अर्ध्या तासाने दुसऱ्या पिशवीत फुंकायचं. जंतू असेल तर तो त्या युरियाचे तुकडे करतो आणि खूण केलेला कार्बन श्वासात उतरतो. गरोदर असाल तर आधी सांगा. खुणेसाठी सी-१३ जातीचा कार्बन वापरलेली चाचणी किरणोत्सारी नसते, सी-१४ वापरलेलीत थोडा किरणोत्सार असतो. दुसरी चाचणी शौचाची, प्रतिजन म्हणजे जंतूचे अंश शोधणारी. तिला उपास लागत नाही.

रक्ताची चाचणी मात्र फसवी आहे. ती प्रतिपिंडं, म्हणजे शरीराने जंतूविरुद्ध बनवलेली द्रव्यं, मोजते, आणि जंतू जाऊन वर्ष उलटलं तरी ती रक्तात असू शकतात. रक्ताच्या रिपोर्टवर कोर्स सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना नक्की विचारा की श्वासाची किंवा शौचाची चाचणी करून खात्री करू या का.

आता तयारी, कारण चुकीचे रिपोर्ट सगळ्यात जास्त इथे निघतात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल या जातीच्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या, म्हणजे पित्ताच्या गोळ्या, चाचणीआधी दोन आठवडे बंद हव्यात. अँटिबायोटिक आणि बिस्मथ (या जंतूवरच्या कोर्समधलं एक औषध) चार आठवडे. पूर्ण कोर्सशिवाय एकेकटी घेतलेल्या या औषधांनी जंतू सहसा पुरता मरत नाही, नुसता दबतो, आणि चाचणी 'नाही' म्हणते. एका काकांनी आदल्या रात्रीपर्यंत पित्ताची गोळी घेतली होती. सकाळी त्यांच्या तुकड्याची पट्टी शेवटपर्यंत पिवळीच राहिली. पण डॉक्टरांनी जठराच्या खालच्या आणि वरच्या भागातले तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत तपासणीला पाठवले होते, आणि वरच्या भागातल्या तुकड्यात जंतू सापडले. आम्ल कमी झालं की जंतू खालचा भाग सोडून वर सरकतो. नुसत्या पट्टीवर विसंबलो असतो तर काका 'सगळं ठीक आहे' म्हणून घरी गेले असते.

गोळी बंद केल्यावर पहिले काही दिवस जळजळ उलट जास्त होते. ते अपेक्षित आहे. त्या काळात साधं पातळ अँटासिड चालतं, फक्त चाचणीच्या दिवशी तेही नको. रक्तस्रावाचा व्रण असेल किंवा ॲस्पिरिनसोबत ही गोळी दिलेली असेल, तर मनाने काहीही बंद करू नका. आधी डॉक्टरांशी बोला.

चौदा दिवस

जुन्या कोर्समध्ये क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकवर भिस्त होती. जगाच्या बऱ्याच भागांत जंतू आता त्याला दाद देत नाही. त्यामुळे तुमच्या जंतूवर ते चालतं हे माहीत नसेल, तर चार औषधांच्या बिस्मथ कोर्सला आज पहिली पसंती मिळते : आम्ल कमी करणारी गोळी, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल, चौदा दिवस. पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्यांनाही तो चालतो. कोणता कोर्स द्यायचा ते डॉक्टरच ठरवतील. तुम्ही त्यांना एक माहिती न विचारता द्या : आयुष्यात पूर्वी कोणकोणती अँटिबायोटिक घेतली, विशेषतः छातीच्या किंवा घशाच्या आजारासाठी. रक्त पातळ करण्याच्या, कोलेस्टेरॉलच्या, हृदयाच्या ठोक्यांच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा. गरोदरपणात हा कोर्स सहसा पुढे ढकलतात.

गोळ्या दिवसाला डझनभर किंवा त्याहून जास्त होतात. मी केसपेपरच्या मागे तक्ता आखून देते. आडव्या ओळी चार : सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना. उभे रकाने चौदा. गोळी घेतली की खूण. तक्ता रोज नजरेस पडेल अशा जागी चिकटवायचा, फाइलमध्ये घालायचा नाही. आम्ल कमी करणारी गोळी जेवणाआधी अर्धा तास, बाकीच्या साधारणपणे जेवणासोबत किंवा जेवणानंतर. टेट्रासायक्लिन भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. दूध, कॅल्शियम, लोह यांच्यात आणि तिच्यात दोनेक तासांचं अंतर ठेवा. कडक उन्हात अंग झाकून जा. मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस दारूचा थेंबही नको. काही खोकल्याच्या औषधांतही अल्कोहोल असतं, लेबल वाचा.

काय होईल ते आधीच माहीत असलं तर माणूस कोर्स सोडत नाही. तोंडाला धातूसारखी चव येते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती अगदी नकोशी होते. मळमळ, थोडे जुलाब होऊ शकतात. बिस्मथमुळे शौच आणि जीभ काळी पडते. हा रंग निरुपद्रवी आहे आणि कोर्स संपला की जातो. पण शौच डांबरासारखं चिकट, दुर्गंधी आणि सोबत चक्कर असेल तर तो बिस्मथचा रंग समजू नका. अंगावर पुरळ, चेहऱ्याला सूज, श्वास लागणं, रक्ताचे किंवा पाण्यासारखे न थांबणारे जुलाब झाले, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

एखादी गोळी चुकली तर आठवताच घ्या, दोन एकदम घेऊ नका. पूर्ण दिवस चुकला तर फोन करून विचारा. सातव्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबलात तर उरलेले जंतू औषधाला सरावतात आणि पुढचा कोर्स अवघड होतो. सोबत प्रोबायोटिक घेतलं तर जुलाब कमी होऊ शकतात, पण जंतू मारायचं काम ते करत नाही. लसूण, मध, काढे यांनीही हा जंतू जात नाही. कोर्सच्या ऐवजी ते घेत राहिलात तर वर्षं वाया जातात.

गेला का, ते बघा

तक्ता आखतानाच मी खाली एक तारीख लिहून चौकट करते. शेवटच्या अँटिबायोटिकनंतर किमान चार आठवडे, आणि आम्ल कमी करणारी गोळी बंद करून किमान दोन. या तारखेला श्वासाची किंवा शौचाची चाचणी. रक्ताची नाही, ती औषध लागू पडलं तरी 'आहे' असंच दाखवत राहील. दुर्बीण परत करायची गरज नसते, जठरातल्या व्रणासारखं दुसरं कारण असेल तरच.

नीट घेतलेला कोर्ससुद्धा काही जणांत फसतो. पोट शांत झालेलं असतं, माणूस खुशीत असतो आणि पिशवीतला श्वास सांगतो की जंतू आहे. उलटही होतं : जंतू गेलेला असतो आणि पोट मात्र कुरकुरतच राहतं, कारण त्या कुरकुरीचं कारण दुसरंच असतं. म्हणून पोटाच्या साक्षीवर जाऊ नका.

जंतू राहिलाच तर तोच कोर्स पुन्हा घेऊ नका. पहिल्या वेळी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन होतं, तर दुसऱ्यांदा ते टाळतात. अमॉक्सिसिलिन, टेट्रासायक्लिन, बिस्मथ परत वापरता येतात. म्हणून रिकाम्या पाकिटांचा नावं दिसतील असा फोटो काढून ठेवा. डॉक्टर बदलले तरी उपयोगी पडतो. दोनदा फसलं तर कोणतं अँटिबायोटिक चालेल याची तपासणी मागा.

एकदा खरोखर गेला की मोठ्या माणसाला तो सहसा परत होत नाही.

बायोप्सीचा कागद

दुर्बीण झाली असेल तर नुसतं 'कॅन्सर नाही' एवढं ऐकून तुकड्यांच्या तपासणीचा कागद ठेवून देऊ नका. त्यातले तीन शब्द शोधा. 'ॲट्रोफी' म्हणजे ग्रंथी झिजल्यात. 'इंटेस्टिनल मेटाप्लेशिया' म्हणजे आतड्यासारख्या पेशी आल्यात. 'डिस्प्लेशिया' म्हणजे पेशी बिघडल्यात, आणि हा शब्द दिसला तर तज्ज्ञांकडे जायला वेळ लावू नका. पहिल्या दोन शब्दांपुढे जागा बघा. 'अँट्रम' म्हणजे खालचा भाग, 'बॉडी' किंवा 'कॉर्पस' म्हणजे मधला मोठा भाग. बदल दोन्हीकडे असतील तर जंतू गेल्यावरही साधारण दर तीन वर्षांनी दुर्बीण करतात. घरात जठराचा कॅन्सर झालेला असेल तर त्याहून लवकर. फक्त खालच्या भागात थोडासा बदल असेल आणि घरात कोणाला कॅन्सर नसेल, तर बहुतेकदा अशा फेऱ्यांची गरज नसते. 'ओल्गा' (ग्रंथी किती झिजल्यात याचं मोजमाप) असं लिहून तीन किंवा चार आकडा असेल तर धोका जास्तीच्या बाजूला आहे असं समजा. कागदावर जागा लिहिलेलीच नसेल, तर तुकडे कुठून घेतले होते हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

सिगारेट सोडा आणि खारवलेले पदार्थ कमी करा. हे दोन्ही याच कॅन्सरचा धोका वाढवतात.

घरच्यांचं काय

हा जंतू बहुधा लहानपणी, घरातल्याच माणसांकडून मिळतो. त्यामुळे एका भावंडात सापडला की बाकीच्यांतही असण्याची शक्यता मोठी. कोरियातला आणखी एक प्रयोग मी रुग्णांच्या नातेवाईकांना आवर्जून सांगते. ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना जठराचा कॅन्सर झाला होता अशा, जंतू असलेल्या लोकांना निम्म्यांना खरं औषध आणि निम्म्यांना दिखाऊ गोळ्या दिल्या. नऊ वर्षांहून अधिक काळानंतर कॅन्सर झालेले औषधाच्या गटात १.२ टक्के, दुसऱ्या गटात २.७ टक्के. पण मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा आकडा : ज्यांचा जंतू खरोखर गेला त्यांच्यात ०.८ टक्के, आणि ज्यांचा राहिला त्यांच्यात २.९ टक्के. खात्रीची चाचणी करा म्हणून मी मागे का लागते, ते या दोन आकड्यांत आहे. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून सगळ्या वस्तीची तपासणी आणि उपचार झाले, आणि तिथे जठराच्या कॅन्सरचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

लहान मुलांना नुसत्या पोटदुखीसाठी ही तपासणी करायला लावू नका. मुलांच्या डॉक्टरांना तसं कारण दिसलं तर ते सांगतील. मोठ्या भावंडांना मात्र फोन करा, आणि नुसतं 'तपासून घे' म्हणून ठेवू नका. दोन गोष्टी विचारा : पित्ताची गोळी चालू आहे का, आणि गेल्या महिन्याभरात अँटिबायोटिक घेतलंय का. एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर गोळी थांबवता येईल का हे त्यांनी त्यांच्या डॉक्टरांना विचारू दे, आणि चाचणीची तारीख त्याप्रमाणे पुढे घ्यायला सांगा.